नाक गेलं त्या वर्षीची चटणी

"अगं, दूध!"

आमचे हे दारातूनच ओरडले. मी गॅसशेजारीच उभी होते आणि तीही पाठमोरी नाही, चांगली पातेल्याकडं तोंड करून. हातात पेपर होता, पेपरात शब्दकोडं होतं आणि आडवा सहावा शब्द काही केल्या सुचत नव्हता. मान वर केली तर दूध उतू जाऊन शेगडीवर काळा थर धरला होता आणि त्यातून धूर निघत होता.

"गल्लीच्या तोंडापर्यंत वास आलाय," हे बूट काढत म्हणाले. "मला वाटलं, नलूवहिनींचं असणार. आपल्या घरातनं येत असेल असं मनातसुद्धा आलं नाही."

मी पातेल्यावर वाकून जोरात श्वास घेतला. वाफ लागली, वास नाही. शेगडीजवळ नाक नेलं. ऊब लागली, वास नाही. ह्यांनी नुकताच काढून ठेवलेला मोजा मी उचलला आणि सरळ नाकाला लावला. दिवसभर बुटात शिजलेला तो मोजा दुकानातून आत्ताच आणल्यासारखा होता.

"हे काय करतेस?" ह्यांनी घाबरून विचारलं.

"माझं नाक गेलं हो," मी म्हणाले आणि मटकन खाली बसले.

आता मोजा हुंगून रडणारी बायको पाहिल्यावर कुणीही हसेल. हे हसले नाहीत. कारण त्यांना माहीत होतं, चटणीला पाचच दिवस उरले होते.

ही गोष्ट चोवीस वर्षांपूर्वीची. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत मला तेव्हा दोन ओळखी होत्या. पाटबंधारे खात्यातल्या इंगवल्यांची बायको ही एक, आणि लीलाकाकूंचं नाक ही दुसरी. पहिली फारशी कुणी वापरत नसे. तूप कढलं का, फणस आज फोडावा की परवा, सिलिंडर गळतोय की नुसता भास, असं काहीही असलं की माणसं माझ्या दारात येत. पण खरा मान चटणीचा. आमच्याकडं वर्षाच्या मसाल्याला चटणीच म्हणतात. चैत्र सरत आला की गल्लीतल्या सहा घरांचं सामान गोदाक्का पोवारांच्या घरामागच्या परड्यात एकाच दिवशी भाजलं जाई. दोन चुली पेटत. एकीवर मिरच्या, दुसरीवर धने, जिरे, तीळ, खोबरं आणि बाकीचा गरम मसाला. सगळं भाजून झालं की डंकावर जाऊन कुटून आणायचं.

ज्या घरचं सामान त्या घरची सून कढईत उलथनं फिरवी, आणि मी शेजारी उभी राहून डोळे मिटून श्वास घेई. नेमका क्षण आला की म्हणे, "उतरवा." बस्स, एवढंच माझं काम. पण हा शब्द माझ्या तोंडून निघाल्याखेरीज कढई खाली येत नसे. सामान कच्चं उतरलं तर चटणी टिकत नाही, आणि करपलं तर अख्खं घर वर्षभर कडू आमटी खातं. डोळे मिटायची तशी काही गरज नव्हती. पण मी ते मिटले की वीस बायकांची बडबड एकदम बंद होई, आणि ते मला आवडत असे.

लग्न होऊन आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती, शिवण येत नव्हतं, गाणं तर विचारूच नका. ह्या एका नाकाच्या जोरावर मी गल्लीत पाय रोवले होते. आणि त्या नाकाशी मी वागत कशी होते? दिवसातून दहा वेळा त्याच्या नावानं बोटं मोडत होते. नलूवहिनींनी सुकट भाजली की, "देवा, कशाला दिलंस रे हे नाक!" गटार तुंबलं की, "देवा, हे परत घे बाई!" देवानं उशिरा का होईना ऐकलं. त्या आधीच्या आठवड्यात मला सणसणून ताप आला होता, सोबत सर्दी. ताप गेला, सर्दी गेली, आणि जाताना दोघं मिळून नाक घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, येईल.

"कधी?"

"येईल तेव्हा येईल. एखाद्याचं येत नाही."

पहिला दिवस खरं तर मजेत गेला. नलूवहिनींची सुकट मी खिडकी उघडी ठेवून सोसली. पण दुसऱ्या दिवशी चहा म्हणजे नुसतं गोड गरम पाणी झालं. रविवारी तांबडा रस्सा केला. जिभेला तिखट लागलं, मीठ लागलं, आणि पुढं काही नाही. हे बोटं चाटत होते आणि मी समोर बसून रबर चावत होते. चहा-मटणाचं एक वेळ सोडा. तिसऱ्या दिवसापासून घरच परकं वाटायला लागलं. कपाट उघडलं तर ते माझं वाटेना. आंघोळ करून आले तरी आंघोळ झाली असं वाटेना. ह्यांच्या अंगाला खोबरेल, तपकीर आणि ऑफिसच्या फायली यांचा मिळून एक वास येतो. सव्वीस वर्षं मी त्याला नाक मुरडलं होतं. तो गेल्यावर शेजारी कुणी भाडेकरू झोपलाय असं वाटायला लागलं. मला फार एकटं वाटलं त्या दिवसांत, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

"सांगून टाक की सगळ्यांना," हे म्हणाले. "ताप काय कुणी मागून आणतं?"

"आणि चटणी कोण बघणार?"

"बघेल कुणीतरी."

हे 'कुणीतरी'च मला नको होतं. एकदा का गल्लीला कळलं की माझ्यावाचून कढई उतरते, की मग मी राहिले नुसती इंगवल्यांची बायको. शिवाय त्या वर्षी आणखी एक गोष्ट होती. गोदाक्कांच्या घरात नवी सून आली होती, सुवर्णा. आजऱ्याकडची, एकवीस-बावीसची, बोलायला लागली तर शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये अशा आवाजाची. तिच्या हातची ही पहिली चटणी. गोदाक्का चार महिने गल्लीभर सांगत होत्या, "चटणीला कळंल काय दिवे लावती ते." ती चटणी गोदाक्कांच्या दोन्ही लेकींकडं जाणार, जावेकडं जाणार. बिघडली तर वर्षभर चार घरांत, दोन्ही वेळा, ताटावर बसलं की सुवर्णाचा उद्धार. पोरीला तर माझ्या नाकाशिवाय कुणाचा आधार नव्हता. हे सगळं मला कळत होतं. तरी मी गप्प राहिले.

मी एक युक्ती काढली. परड्याला गल्लीच्या बाजूनं कमरेएवढी भिंत आहे. ह्यांनी भिंतीपलीकडं आपली सायकल उलटी करून दुरुस्तीला बसायचं. वास आला की घंटी वाजवायची. एकदा, टिंग. मी म्हणणार, उतरवा.

"पण मला कसं कळणार भाजलं ते?" ह्यांनी विचारलं.

"मी शिकवते."

संध्याकाळी मी तव्यावर जिरं टाकलं आणि ह्यांना शेजारी उभं केलं.

"येतोय वास?"

"येतोय."

"कसा?"

"चांगला."

"अहो, चांगला म्हणजे कसा?"

ह्यांनी विचार केला. "भूक लागल्यासारखा."

"कच्चा, भाजलेला की करपलेला?"

"तिन्हींच्या मधला."

मी तवा उतरवला. जिरं कोळसा झालं होतं. चार दिवस रोज मी त्यांची शिकवणी घेतली. शेवटच्या दिवशी मात्र त्यांनी दहातल्या सात वेळा बरोबर सांगितलं. सरकारी नोकराकडून ह्याहून जास्त अपेक्षा मी ठेवली नाही.

चटणीचा दिवस उजाडला. परड्यात मिरच्यांची पोती सुटली, चुली पेटल्या. मिरचीचा पहिला ठसका बसला आणि मी खोकले तेव्हा जीव कसा हरखला! वाटलं, आलं नाक. पण ठसका घशाचा होता, नाकाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. बायकांनी नाकातोंडाला पदर गुंडाळले. उघडी नाकं दोनच राहिली. एक माझं, कारण मला हुंगायचं होतं, आणि दुसरं कढई ढवळणारीचं, कारण तिचे हात रिकामे नसत. भिंतीपलीकडं ह्यांचं टक्कल आणि सायकलचं चाक दिसत होतं.

पहिली कढई शेवंतामावशींच्या सुनेची, धन्यांची. मी डोळे मिटले. परडं गप्प झालं. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज आला, टिंग.

"उतरवा."

गोदाक्कांनी चार दाणे तोंडात टाकले. "काय नाक हाय गं बाई तुजं, लीला," त्या म्हणाल्या. मी लाजल्यासारखं केलं.

जिरं झालं, बडीशेप झाली. सगळं बिनबोभाट. मला तर नाकापेक्षा हेच बरं वाटायला लागलं. मग नलूवहिनींचे तीळ पडले. पडून अर्धं मिनिट झालं नसेल तोच वाजलं, टिंग टिंग.

"उतरवा," मी म्हणाले.

"काकू, अजून एक दाणा उडाला न्हाई," नलूवहिनी पदराआडून म्हणाल्या.

मी एक डोळा किलकिला केला. गल्लीतून पाववाला सायकलवरून चालला होता. आमचे हे त्याच्याकडं आणि मग माझ्याकडं बघत जोरजोरात मान हलवत होते.

आता माघार कशी घ्यायची? "नवे तीळ आहेत," मी म्हणाले. "नवे तीळ फार भाजायचे नसतात. नुसते दचकवायचे."

"दचकवायचे," नलूवहिनींनी मनात नोंद केली. आजही त्यांच्या घरी तीळ दचकवूनच घेतात, आणि त्यांनी ही पद्धत सांगलीच्या बहिणीलाही कळवली आहे. मी अजून खुलासा केलेला नाही.

मग सुवर्णाची पाळी आली. दीड किलो धने कढईत पडले. गोदाक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पोरीनं उलथनं घेतलं आणि एकसारखं ढवळायला लागली. मी डोळे मिटले आणि कान भिंतीकडं लावले.

घंटी वाजेना. त्याऐवजी माणसांचा आवाज यायला लागला. कुणीतरी आमच्या ह्यांना गाठलं होतं आणि आदल्या दिवशीच्या कुस्तीवर वाद पेटला होता. कोणता पैलवान आधी खाली आला, पाठ टेकली की खांदा टेकला, असलं काहीतरी. आमचे हे कुस्तीवर बोलायला लागले की समोर घर जळत असलं तरी आधी डाव सांगून होऊ देतात.

"काकू," सुवर्णा अगदी हळू म्हणाली, "उतरवू का? वास फिरला."

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. तिचा आवाज इतका लहान होता की दुसऱ्या कुणाला तो गेला नसेल, पण मला गेला.

"थांब," मी म्हणाले. "मी सांगते."

ती थांबली. उलथनं फिरवत राहिली. आणखी थोड्या वेळानं परत म्हणाली, "काकू..."

"घाई करू नको गं."

मी भिंतीकडं कान लावून उभी, तिकडं खांदा टेकला की पाठ. मग तोवर मिरचीच्या चुलीपाशी जाऊन बसलेल्या गोदाक्कांनी पदर सोडला, नाक वर केलं, आणि ओरडल्या, "अगं करपलं! करपलं समदं!"

त्यांनी स्वतःच कढई खाली ओढली. धने काळपट पडले होते. त्यांनी एक दाणा चावला आणि थुंकला.

"चार म्हैनं सांगत हुतो," त्या सुनेवर कडाडल्या. "एक काम, एक काम धड न्हाई! आईनं काय शिकवून पाठवलंय का नुसतं नटवून पाठवलंय?"

सगळं परडं माझ्याकडं बघत होतं. कुणाच्याही डोळ्यांत माझ्यावर संशय नव्हता, हेच वाईट होतं. लीलाकाकूंचं नाक चुकेल कसं? चुकली असेल तर पोरगीच.

आणि सुवर्णा मान खाली घालून म्हणाली, "माझंच चुकलं, आत्या. ढवळताना हात थांबला माझा."

हात तिचा एकदाही थांबला नव्हता. तिनं मला न मागता वाट काढून दिली होती. मी ती घेणार होते, हे आज कबूल करते. तोंडात शब्दही जुळवले होते, "असू दे आक्का, लहान आहे, शिकेल." तेवढ्यात भिंतीवर आमच्या ह्यांचं डोकं उगवलं आणि घंटी एकसारखी वाजायला लागली.

"अगं ए! करपायला लागलंय वाटतं!" हे आनंदानं ओरडले. चार दिवसांच्या शिकवणीनंतर करपलेलं त्यांनी स्वतःच्या नाकानं ओळखलं होतं.

सुवर्णानं मान वर केली. आधी सायकलच्या घंटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला सगळं कळलं, ते तिच्या डोळ्यांत दिसलं. तरी ती काही बोलली नाही. परत खाली बघायला लागली. ह्यानंतर मात्र मला राहवेना.

"आक्का, पोरीला बोलू नका," मी म्हणाले. "तिनं मला दोनदा सांगितलं, वास फिरला म्हणून. मीच थांब म्हटलं. माझं नाक गेलंय. पाच दिवस झाले, मला कसलाच वास येत नाही."

बायकांनी नाकातोंडावरचे पदर खाली ओढले.

"मग मगापासनं उतरवा उतरवा कोण म्हणत हुतं?" शेवंतामावशींनी विचारलं.

मी भिंतीकडं बोट दाखवलं. आमच्या ह्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि पुराव्यादाखल एकदा घंटी वाजवली.

आधी नलूवहिनी हसल्या. मग जे हसू सुटलं ते सुटलंच. मिरचीचा ठसका आणि हसू एकत्र आल्यावर काय होतं, ते त्यातून गेल्याशिवाय कळायचं नाही. गोदाक्कांना मात्र पटेना. त्यांनी हिंगाची डबी आणून माझ्या नाकाशी धरली. मी ढिम्म. मग रॉकेलचा बोळा आणला. मी ढिम्म. शेवटी कुठून तरी सुकटीची पुडी आली. मी ती फुलासारखी हुंगत राहिले तेव्हा गोदाक्कांचा चेहरा उतरला. त्या खाली माझ्याशेजारी बसल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"लई वंगाळ झालं गं," त्या म्हणाल्या. "मग जेवतीस कशी?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी पदर डोळ्यांना लावला. नाव मिरचीचं.

"ते जाऊ दे," शेवंतामावशी म्हणाल्या. "चार घरांचं सामान पडलंय. बघायचं कुणी?"

"ही बघेल," मी म्हणाले. "इथल्या सगळ्या नाकांत चांगलं नाक हिचं आहे. वास फिरलेला हिला सगळ्यांच्या आधी कळला होता."

सुवर्णा दोन पावलं मागं सरकली. नलूवहिनींनी आपल्या धन्यांतून एक मापटं काढून तिच्या सुपात ओतलं. शेवंतामावशींनी न भाजलेल्या उरल्यासुरल्यातून एक ओतलं. फिरत फिरत सूप दीड किलोवर गेलं. कढई घासली आणि चुलीवर परत चढली.

मी तिच्या शेजारी उभी राहिले. "घाबरू नको," मी म्हणाले. "फक्त मला सांगत राहा. आत्ता कसा येतोय?"

"काय की बाई. धन्याचा."

"तो मला माहीत आहे. मला येत नाही ना, म्हणून विचारते. सांग की."

तिनं नाक पुढं केलं. म्हणाली, "ओल्या पोत्यासारखा."

"आणि आता?"

"आता जरा उन्हात वाळल्यासारखा." मग आवाज थोडा वाढला. "आता काकू, आमच्या गावात दुपारी सुताराच्या दारावरनं गेलं की येतो तसा. आता गोड झाला. आता... आता आई जेवायला हाक मारती तसा. उतरवा!"

कढई उतरली. गोदाक्कांनी दाणा चावला. दुसरा दाणा घेतला, मग तिसरा. आमच्याकडं ह्याला शाबासकी म्हणतात.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुवर्णा मला सांगत राहिली आणि मी ऐकत राहिले. खसखस कशी, खोबरं कसं, लवंग कशी. लवंगेचा वास तिच्या मते दाढ दुखायला लागल्यावरच आठवणाऱ्या मामासारखा होता. चार महिन्यांत त्या पोरीनं गल्लीत जेवढे शब्द खर्च केले नव्हते तेवढे एका दिवसात केले. आणि मला वाटत होतं, सव्वीस वर्षं हे सगळं माझ्या नाकातून येत-जात होतं. सुताराचं दार, आईची हाक, सगळं. मी त्यातलं एकही कधी नीट घेतलं नाही. नुसतं "उतरवा, उतरवा" करत राहिले.

पुढं कार्तिकातली गोष्ट. सकाळी भाजीची टोपली आवरत होते. कांदे निवडताना काहीतरी झालं. आधी मला कळेना काय झालं. मग मी टोपलीत डोकं घातलं. तळाशी एक सडका कांदा होता, पाणी सुटलेला, काळा पडलेला. मी तो दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला. काय वास होता तो! अहाहा! मी ओट्याला टेकून बसले आणि पंधरा मिनिटं तो कांदा हुंगत होते. मग उठून घरभर हिंडले. चहाचा डबा, देवघरातला कापूर, पायपुसणं, ह्यांची टोपी. टोपी तर मी सोडेचना. भाडेकरू गेला आणि नवरा परत आला.

मग पदर खोचला आणि गल्लीत सांगायला निघाले. पायरीवरच थांबले.

समोर गोदाक्का दुसऱ्या गल्लीतल्या दोघी बायकांना घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यापैकी एकीच्या हातात तुपाची कढई होती. "आमच्या सुवर्णाला दावा," गोदाक्का छाती काढून सांगत होत्या. "एका वासात सांगंल. असलं नाक अख्ख्या पेठंत न्हाई." आतून सुवर्णा आली. मान वर, पदर खांद्यावर, आवाज इकडं माझ्या पायरीपर्यंत ऐकू येणारा. "अजून दोन उकळ्या पायजेत, मावशी."

खरं सांगते, मला हेवा वाटला. वर त्या तुपाला दोन नाही, एकच उकळी हवी होती, मला तिथूनच वास येत होता. पण मी घरात गेले आणि ह्यांना चहा करून दिला. ह्यांनाही सांगितलं नाही. ह्यांच्या पोटात काही राहत नाही.

नाक लपवणं हे नाक नसल्याचं लपवण्यापेक्षा अवघड काम. नलूवहिनी सुकट भाजायच्या आणि मी खिडकीत हसऱ्या चेहऱ्यानं उभी राहायचे. दर वर्षी चटणीच्या दिवशी मी सुवर्णाशेजारी स्टूल टाकून बसायचे आणि विचारायचे, "कसा येतोय गं?" ती सांगायची. तिनं सांगितलेला वास आणि मला आलेला वास असे दोन-दोन वास मला मिळत. इतकं सुख मी एकटीनं हुंगत होते तेव्हा कधी घेतलं नव्हतं.

अशी तीन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी सुवर्णा जरा गप्प होती. फार वर्णन करत नव्हती, पण तिचा नेम एकदाही चुकला नाही. दुपारपर्यंत चार घरांचं सामान उतरलं, दाणा इकडचा तिकडं नाही. गोदाक्का परड्याच्या मधोमध बसून येईल त्याला सुनेचं कौतुक ऐकवत होत्या. मधे जरा वेळ मिळाला तशी सुवर्णा माझ्याजवळ सरकली.

"काकू, एक सांगू? आत्यांना सांगायचं न्हाई."

"काय गं?"

"मला चार दिवस झाले सर्दी झालीय. नाक ठार बंद हाय. सकाळपासनं एक वास आलेला न्हाई मला."

"मग इतकं सगळं उतरवलंस कशी?"

"तुमच्याकडं बघून," ती म्हणाली. "मसाला तयार झाला की तुमच्या नाकपुड्या फुलत्यात. दोन वर्षं झाली, दर वेळी माझ्या आधी फुलत्यात."

दोन वर्षं ही पोरगी माझ्याशेजारी उभी राहून मला वास समजावून सांगत होती, चवीनं, रंगवून, एक शब्द न चुकवता. मी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर पुढच्या घरचं सूप आलं होतं आणि तिनं ते कढईत रिकामं केलंसुद्धा.

"आता बोलू नका, काकू," सुवर्णा उलथनं फिरवत हळूच म्हणाली. "श्वास घ्या. धने टाकलेत."

मी घेतला.